सब्स्ट केलेल्या ड्राइव्हला स्वतःचं नाव कसं द्यायचं

फोल्डरला ड्राइव्ह बनवणं सोपंय. विंडोजमध्ये त्यासाठी सब्स्ट नावाची कमांड डॉसच्या जमान्यापासून आहे आणि विंडोज ११ मध्येही ती तशीच चालते. वैताग सुरू होतो तो त्यानंतर. समजा तुमच्या डी ड्राइव्हचं नाव "डेटा" आहे आणि त्यातले तीन फोल्डर तुम्ही डब्ल्यू, एक्स आणि वाय या अक्षरांवर चढवले. आता दिस पीसी उघडा. डेटा डी, डेटा डब्ल्यू, डेटा एक्स, डेटा वाय. चारही सारख्या, चौघींची फ्री स्पेससुद्धा तेवढीच, आयकॉनही तोच. मग हिशेब कुठल्यात, फोटो कुठल्यात हे अक्षरावरून पाठ करत बसायचं, नाहीतर एकेक उघडून बघायचं. एवढं करायचं तर ड्राइव्ह बनवली कशाला?

एक सांगून ठेवतो, खाली कमांड्स आणि रजिस्ट्रीतली (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं ती जागा) नावं मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे. जिथे गडबड होऊ शकते तिथे जोडून लिहायचं की तोडून तेही सांगतो.

आधी असं का होतं ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप लागतं. सब्स्टने नवीन डिस्क तयार होत नाही, नवीन पार्टिशनही नाही. डी ड्राइव्हच्या आत असलेल्या एका फोल्डरकडे जाणारं ते फक्त एक जास्तीचं दार आहे. ड्राइव्हचं जे खरं नाव असतं ते व्हॉल्यूमवर, म्हणजे पार्टिशनवर लिहिलेलं असतं, आणि व्हॉल्यूम तर एकच आहे. एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डर आणि ड्राइव्ह दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम, डब्ल्यूला नाव विचारतो आणि उत्तर येतं डीचं. त्यामुळे डब्ल्यूचं नाव "बदलायला" जाणं म्हणजे जे मुळात नाहीच ते बदलायला जाणं. लेबल नावाची कमांड आहे खरी, पण मायक्रोसॉफ्टच्या सब्स्टच्या माहितीतच सरळ लिहिलंय की सब्स्ट केलेल्या ड्राइव्हवर लेबल, फॉरमॅट, चेकडिस्क, रिकव्हर वगैरे वापरायच्या नाहीत. राइट क्लिक करून रिनेम, एफ२ दाबून रिनेम, या भानगडीतही पडू नका, तो रस्ता खऱ्या ड्राइव्हसाठी आहे.

आपल्याला हवंय ते वेगळंच. खरं नाव आहे तिथे राहू दे, फक्त एक्सप्लोररने दाखवताना आपण सांगू ते दाखवावं. आणि ही सोय एक्सप्लोररमध्ये आधीपासून आहे. रजिस्ट्रीमध्ये एका ठरलेल्या जागी त्या अक्षरासाठी "डिफॉल्टलेबल" लिहिलेलं असेल तर तो तेच दाखवतो, व्हॉल्यूमचं नाव दाखवत नाही. दारावर आपली पाटी लावली, घर कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर तसंच राहिलं, इतकाच हा प्रकार.

आता ड्राइव्ह बनवण्यापासून सुरुवात करू. कमांड प्रॉम्प्ट उघडा, साधाच, अ‍ॅडमिन म्हणून नाही, हे महत्त्वाचं आहे, का ते पुढे येईलच. लिहा सब्स्ट, स्पेस, डब्ल्यू आणि त्याला चिकटून कोलन, स्पेस, आणि मग दुहेरी अवतरणचिन्हांत फोल्डरचा पूर्ण पाथ. सब्स्टचं स्पेलिंग एस यू बी एस टी. पाथच्या नावात कुठेही स्पेस असेल तर अवतरणचिन्हं लागतातच, नसली तरी घालायची सवय चांगली. पाथच्या शेवटी बॅकस्लॅश ठेवू नका, त्याने पाथ सापडत नाही म्हणून एरर येते आणि माणूस स्पेलिंग तपासत बसतो. एंटर मारलं आणि काहीच मेसेज आला नाही तर काम झालं असं समजायचं. नुसतं सब्स्ट लिहून एंटर मारलं की सध्या काय काय चढवलेलं आहे त्याची यादी येते. काढायचं असेल तर सब्स्ट, डब्ल्यू कोलन, स्लॅश डी. फोल्डर आणि त्यातल्या फाइल्सना त्याने धक्का लागत नाही, फक्त ते अक्षर जातं.

अक्षर कुठलं घ्यायचं? शेवटच्या टोकाकडची घ्या, डब्ल्यू, एक्स, वाय अशी. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क लावली की विंडोज तिला साधारण पुढून मोकळं असलेलं पहिलं अक्षर देतं, म्हणून ई, एफ, जी तिच्यासाठी सोडा. लेबलच्या बाबतीत तर हे जास्तच पाळायचं, कारण पाटी फोल्डरला लागत नाही, अक्षराला लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढच्या निम्म्या अडचणी यातून येतात.

आता पाटी. विंडोजचं बटण आणि आर दाबा, रेजएडिट लिहा, एंटर, म्हणजे रजिस्ट्री एडिटर उघडेल. परवानगी मागेल, द्या. रजिस्ट्रीत हात घालण्याआधी फाइल मेनूतून एक्सपोर्ट करून ठेवा. आपण जे करणार आहोत त्यात धोका जवळजवळ नाही, पण शेजारची भलतीच गोष्ट डिलीट झाली तर परत आणायला काहीतरी हवं.

लेबल लिहायच्या जागा दोन आहेत. एक फक्त तुमच्या युजरसाठी, दुसरी त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्यांसाठी. मी पहिलीच वापरा म्हणेन, कारण सब्स्टसुद्धा तुमच्या लॉगिनपुरतंच असतं, मग पाटी सगळ्यांच्या दारावर कशाला.

पहिल्या जागेचा रस्ता असा: एचकी करंट युजर, त्यात सॉफ्टवेअर, त्यात क्लासेस, त्यात अ‍ॅप्लिकेशन्स, त्यात एक्सप्लोरर डॉट ईएक्सई, त्यात ड्राइव्हज. विंडोज १० च्या २०१७ मधल्या क्रिएटर्स अपडेटपासून रजिस्ट्री एडिटरला वर अ‍ॅड्रेस बार आलाय, तिथे रस्ता पेस्ट करून एंटर मारता येतं, एकेक बाण उघडत जायची गरज नाही. यातल्या शेवटच्या एकदोन गोष्टी बहुतेक तुमच्याकडे नसतील, घाबरू नका, डावीकडे राइट क्लिक, न्यू, "की" (रजिस्ट्रीतल्या फोल्डरला की म्हणतात), असं करून त्या स्वतः बनवायच्या. एक्सप्लोरर डॉट ईएक्सई हे कीचं नावच आहे, डॉटसकट. ड्राइव्हज अनेकवचनी, शेवटी एस आहे.

ड्राइव्हजच्या आत नवीन की बनवा, नाव नुसतं डब्ल्यू. कोलन नाही. डब्ल्यूच्या आत आणखी एक की बनवा, नाव डिफॉल्टलेबल, दोन शब्द जोडून, मध्ये स्पेस नाही. आता उजवीकडे बघा, कंसात डिफॉल्ट लिहिलेली एक ओळ आधीपासून असेल आणि तिच्यासमोर व्हॅल्यू सेट केलेली नाही असं काहीतरी दिसेल. त्या ओळीवर डबल क्लिक, खालच्या चौकोनात हवं ते नाव, ओके.

इथे एक जागा आहे जिथे खूप जण फसतात. डिफॉल्टलेबल ही डावीकडची की आहे, फोल्डरसारखी दिसणारी. बरेच लोक डब्ल्यूवर उभे राहून उजवीकडे न्यू, स्ट्रिंग व्हॅल्यू करतात आणि त्या व्हॅल्यूचं नाव डिफॉल्टलेबल ठेवतात. दिसायला अगदी बरोबर वाटतं, नावही बरोबर, मजकूरही बरोबर, आणि एक्सप्लोरर ढिम्म. कारण तो डिफॉल्टलेबल नावाच्या कीच्या आत जाऊन तिची डिफॉल्ट व्हॅल्यू वाचतो. तुमचं नाव दिसत नसेल तर पहिल्यांदा हेच तपासा, बाकी सगळं नंतर.

नाव लिहिताना त्यात अक्षर घालू नका, एक्सप्लोरर पुढे कंसात डब्ल्यू स्वतःहून लावतो, नाहीतर दोनदा दिसतं. खऱ्या व्हॉल्यूमच्या नावाला मर्यादा असतात, एनटीएफएसवर ३२ अक्षरं आणि फॅटवर ११ (या दोन्ही डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायच्या पद्धती). आपलं लेबल व्हॉल्यूमवर लिहिलंच जात नसल्यामुळे त्या मर्यादांशी त्याचा संबंध नाही, पण तरी छोटंच ठेवा, डावीकडच्या पट्टीत लांब नाव कापलंच जातं आणि मग "क्लायंटची काम..." असं अर्धवट दिसत राहतं.

झालं की दिस पीसीवर येऊन एफ५ दाबा. बहुतेक वेळा लगेच बदलतं. नाही बदललं तर टास्क मॅनेजर उघडा, यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधा, राइट क्लिक, रीस्टार्ट. टास्कबार क्षणभर गायब होऊन परत येतो, उघड्या फोल्डरच्या खिडक्या बंद होऊ शकतात, बाकी तुमचं काम जागेवर राहतं. पूर्ण मशीन रीस्टार्ट करायची गरज नाही.

सगळ्या युजर्ससाठी करायचं असेल तर दुसरी जागा: एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, ड्राइव्हआयकॉन्स. करंटव्हर्जन आणि ड्राइव्हआयकॉन्स दोन्ही जोडून. त्याच्या आत तीच रचना, डब्ल्यू आणि त्याच्या आत डिफॉल्टलेबल. इथे लिहायला अ‍ॅडमिन लागतो. नाव ड्राइव्हआयकॉन्स असलं तरी लेबलही इथेच, कुणी ठेवलं असेल असं नाव देव जाणे.

आयकॉनचंही इथेच उरकून घेऊ. डिफॉल्टलेबलच्या शेजारी, म्हणजे डब्ल्यूच्याच आत, डिफॉल्टआयकॉन नावाची की बनवा आणि तिच्या डिफॉल्ट व्हॅल्यूत आयसीओ फाइलचा पूर्ण पाथ द्या. डीएलएल फाइलमधला (विंडोजच्या या फाइल्समध्ये आयकॉनही साठवलेले असतात) आयकॉन हवा असेल तर पाथ, स्वल्पविराम आणि आयकॉनचा नंबर. सिस्टीम ३२ मधल्या शेल३२ आणि इमेजरेस या दोन डीएलएलमध्ये भरपूर आयकॉन पडलेत. खरं सांगायचं तर यादीत नावापेक्षा आयकॉन आधी दिसतो, त्यामुळे तीनचार ड्राइव्ह असतील तर हे कराच.

आता हे सगळं हाताने करायला एकदाच बरं वाटतं. सब्स्टची अडचण अशी की लॉगऑफ केलं किंवा मशीन रीस्टार्ट झालं की ती ड्राइव्ह गेली. रजिस्ट्रीतलं लेबल मात्र तिथेच राहतं. म्हणजे पाटी टिकते, दार नाही. म्हणून दार रोज उघडायची सोय लावायची. त्यासाठी नोटपॅडमध्ये एक छोटी बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांड्सची फाइल, बनवा, त्यात एका ओळीत एक अशा सब्स्टच्या ओळी, एक्स्टेन्शन बॅट. मग विंडोजचं बटण आणि आर, शेल कोलन स्टार्टअप, एंटर, जो फोल्डर उघडेल त्यात ती फाइल किंवा तिचा शॉर्टकट टाका. लॉगिन झालं की ती चालते. एकच गोष्ट, ती लॉगिननंतर थोड्या वेळाने चालते, त्यामुळे एखादं सॉफ्टवेअर स्वतःहून सुरू होऊन लगेच डब्ल्यूवरची फाइल मागत असेल तर ते आधी पोचतं आणि फाइल नाही म्हणून ओरडतं.

लेबलही त्याच बॅच फाइलमधून लावता येतं, म्हणजे नवीन मशीनवर गेलात तरी एका फाइलमध्ये काम. कमांड आहे रेग अ‍ॅड, पुढे अवतरणचिन्हांत डिफॉल्टलेबलपर्यंतचा पूर्ण रस्ता, सुरुवातीला एचकी करंट युजरच्या ऐवजी एचकेसीयू एवढं छोटं रूप चालतं, मग स्लॅश व्हीई, मग स्लॅश डी आणि अवतरणचिन्हांत नाव, शेवटी स्लॅश एफ. व्हीई म्हणजे ती डिफॉल्ट व्हॅल्यू, आणि एफ दिलं नाही तर आधीचं नाव बदलू का असं विचारत बसेल आणि स्टार्टअपला काळी खिडकी उत्तराची वाट बघत उभी राहील. मधल्या कीज नसतील तर रेग अ‍ॅड स्वतः बनवतो, तो हाताने करायचा त्रास वाचतो, खरं तर ज्यांना कमांड लिहायची भीती नाही त्यांनी रेजएडिटच्या वाटेला न जाता सरळ हेच करावं.

नाव मराठीत द्यायचं असेल तर? देता येतं, रजिस्ट्री युनिकोड घेते, "हिशेब", "फोटो", "चालू काम" सगळं व्यवस्थित दिसतं. रेजएडिटमध्ये सरळ मराठी टाइप करा, काही प्रश्न नाही. बॅच फाइलमध्ये मात्र घोळ होतो, कमांड प्रॉम्प्ट फाइल वाचताना जुन्या कोडपेजमधून (अक्षरांच्या जुन्या तक्त्यातून) वाचतो आणि नावाऐवजी कचरा अक्षरं येतात. त्यावर उपाय म्हणजे फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची, बीओएमशिवायची (बीओएम म्हणजे फाइलच्या सुरुवातीला लागणारी न दिसणारी खूण), आणि अगदी वरच्या भागात सीएचसीपी ६५००१ ही ओळ घालायची. किंवा सोपा मार्ग, लेबल एकदा रेजएडिटमध्ये हाताने लावा, मग ड्राइव्हज या कीवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करा. जी रेग फाइल मिळते ती युनिकोडमध्येच असते, दुसऱ्या मशीनवर तिच्यावर डबल क्लिक केलं की सगळी नावं आणि आयकॉन्सचे पाथ एकदम जातात. मला हा मार्ग जास्त आवडतो, बॅच फाइलमध्ये फक्त सब्स्ट राहतं आणि ती स्वच्छ राहते.

आता अ‍ॅडमिनची गोष्ट, जी वर सोडली होती. व्हिस्टापासून विंडोजमध्ये साधं लॉगिन आणि अ‍ॅडमिनचं लॉगिन अशी दोन वेगळी सेशन्स धरली जातात, जरी युजर तुम्हीच असलात तरी. सब्स्ट ज्या सेशनमध्ये केलं त्यातच दिसतं. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये सब्स्ट केलंत तर तिथे ड्राइव्ह असेल, डीआयआर मारलं तर फाइल्सही दिसतील, आणि एक्सप्लोररमध्ये मात्र नामोनिशाण नाही. लेबल बरोबर लावलंय, एफ५ दाबून दाबून बोट दुखलं, पण ड्राइव्हच नाही तर लेबल दिसणार कुठे. उलटंही होतं, साध्या सेशनमध्ये केलेली ड्राइव्ह अ‍ॅडमिन म्हणून चालवलेल्या प्रोग्रामला, इन्स्टॉलरला वगैरे दिसत नाही.

दोन्हीकडे हवी असेल, रीस्टार्टनंतरही टिकायला हवी असेल, तर सब्स्ट सोडून द्या आणि रजिस्ट्रीतच दार कायमचं करा. एचकी लोकल मशीन, सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर, डॉस डिव्हायसेस. शेवटच्या दोन नावांत स्पेस आहे. इथे मात्र नवीन की नाही, उजवीकडे नवीन स्ट्रिंग व्हॅल्यू, नाव डब्ल्यू आणि कोलन, यावेळी कोलन लागतोच. तिच्यात बॅकस्लॅश, दोन प्रश्नचिन्हं, बॅकस्लॅश आणि त्यापुढे फोल्डरचा पूर्ण पाथ. मशीन रीस्टार्ट केलं की ड्राइव्ह सगळ्यांना, अ‍ॅडमिनलासुद्धा दिसते, लॉगिनची वाट न बघता. नको झाली तर ती व्हॅल्यू डिलीट करून परत रीस्टार्ट. अशी ड्राइव्ह सगळ्यांनाच दिसते म्हटल्यावर लेबलही ड्राइव्हआयकॉन्सवाल्या दुसऱ्या जागी लावलेलं बरं.

नेटवर्क ड्राइव्हचा प्रकार वेगळा आहे आणि लोक दोन्हीची सरमिसळ करतात म्हणून सांगतो. मॅप नेटवर्क ड्राइव्हने जोडलेल्या ड्राइव्हचं नाव शेअरचं नाव आणि सर्व्हरचं नाव मिळून येतं, लांबलचक. तिथे एफ२ दाबून सरळ रिनेम करता येतं, बाकी काही करावं लागत नाही. हे नाव तुमच्या युजरच्या रजिस्ट्रीत माउंटपॉइंट्स२ नावाच्या कीखाली साठतं, पाथमधल्या बॅकस्लॅशच्या जागी हॅशची खूण घालून बनवलेल्या सब-कीमध्ये, लेबलफ्रॉमरेग नावाच्या व्हॅल्यूत, जिच्या सुरुवातीला एक अंडरस्कोर असतो. म्हणजे इथे पाटी अक्षराला नाही तर पाथला चिकटलेली असते. ड्राइव्ह डिसकनेक्ट करून दुसऱ्या अक्षरावर जोडली तरी जुनंच नाव परत येतं ते त्यामुळे. काही जण आपल्याच मशीनवरचा फोल्डर शेअर करून लोकलहोस्टच्या पाथने ड्राइव्ह म्हणून जोडतात, केवळ एफ२ चालावा म्हणून. चालतं, पण आपल्याच डिस्कवरच्या फाइलसाठी नेटवर्कचा वळसा आणि एक शेअर उघडा ठेवायचा, एवढ्यासाठी मी तरी हे करणार नाही.

सब्स्टमध्ये उलट आहे आणि तिथेच नंतरची गंमत होते. आज डब्ल्यूवर "हिशेब" लावलं. सहा महिन्यांनी तुम्ही डब्ल्यू काढून टाकलं, बॅच फाइल डिलीट केली, लेबल विसरलात. मग कुणाची तरी हार्डडिस्क लावली आणि डिस्क मॅनेजमेंटमधून तिला डब्ल्यू दिलं. ती दिसणार "हिशेब" म्हणून. आतल्या फाइल्स भलत्याच, नाव आपलं. कॉपी पेस्ट करताना, विशेषतः काहीतरी डिलीट करताना, हे महागात पडू शकतं. त्यामुळे ड्राइव्ह कायमची काढताना ड्राइव्हजमधली त्या अक्षराची कीही काढायची, कमांडने करायचं तर रेग डिलीट, तोच रस्ता डब्ल्यूपर्यंत, स्लॅश एफ. तसंच डब्ल्यूवरचा फोल्डर बदलून दुसरा चढवलात तर लेबल आपोआप बदलणार नाही, तेही हाताने बदला. शक्यतो एक अक्षर एका कामाला देऊन टाका आणि मग ते फिरवू नका.

कधी शंका आली की समोर दिसतंय ते नाव खरं की आपण लावलेलं, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हॉल आणि पुढे ते अक्षर कोलनसकट लिहा. तिथे व्हॉल्यूमचं खरं नाव येतं, आपली पाटी फक्त एक्सप्लोररमध्ये आणि फाइल उघडताना, सेव्ह करताना येणाऱ्या त्याच धाटणीच्या खिडक्यांमध्ये दिसते. आणि अक्षर मुळात सब्स्टचं आहे की खऱ्या डिस्कचं हे बघायचं तर डिस्क मॅनेजमेंट उघडा, सब्स्टवाली ड्राइव्ह त्या यादीत येतच नाही.